न उलटलेल्या बादलीचं प्रकरण

शतकातून एकदाच जन्माला येणारी माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत, असं दाजींचं म्हणणं होतं. त्यामुळे आपल्यासारखा दुसरा कुणी आपल्याला अजून भेटला नाही याचं त्यांना नवल वाटत नसे. वाईट मात्र वाटे, त्या दुसऱ्याचं. त्यांच्या स्वतःच्या अंदाजानुसार त्यांची नजर भिंतीपलीकडे जाई, कान माणसाच्या मनातलं ऐकत आणि नाकाला खोटेपणाचा वास येई. हे सगळं त्यांनी कार्डावर थोडक्यात छापलं होतं: 'सूक्ष्मदृष्टी तपास केंद्र. डोळे, कान, नाक.' कार्ड वाचून आत्तापर्यंत चार जण आले. चौघांनाही डॉक्टर हवा होता.

कार्डावर न छापलेली गोष्ट अशी, की दाजी जन्मभर विजेची मीटरं वाचत हिंडले होते. लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपता टिपता आपल्याला गुन्हेगारी मनाचा थांग लागला, असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भिंग घेतलं, एक टोपी घेतली आणि सहायक म्हणून आपला मेहुणा घेतला. भिंग आणि टोपी विकत आणावी लागली. मेहुणा लग्नातच मिळाला होता.

हा मेहुणा म्हणजे मास्तर. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेला, देवभोळा, मऊ स्वभावाचा माणूस. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलायचं नाही, या एका नियमापायी त्यांच्या आयुष्यातल्या कितीतरी दुपारी वाया गेल्या होत्या. वही-पेन घेऊन ते दाजींच्या मागे फिरत आणि दाजी जे बोलतील ते लिहून घेत. वर्षभरात दोघांनी दोन प्रकरणं तडीला नेली होती. वरच्या मजल्यावरच्या वकिलांची चप्पल हरवली होती, ती दाजींच्या पायात सापडली. तळमजल्यावरच्या काकूंच्या दारातून वर्तमानपत्र रोज नाहीसं होत होतं. काकूंनी ते दोन महिन्यांपूर्वी बंद केलं होतं, हे काकूंच्याच लक्षात आलं. दाजींनी दोन्ही प्रकरणांवर स्वतःचं अभिनंदन केलं.

तिसरं प्रकरण मात्र घरातलं होतं, आणि त्यात खुद्द मास्तरांची मान अडकली होती.

झालं होतं असं. मास्तरांच्या मुलीने बँकेतली भरभक्कम नोकरी सोडून जाहिरातीचे कार्यक्रम तयार करायचा धंदा काढला. माणसं पाच, आणि गोदामालाच स्टुडिओ म्हणायचं ठरवलं तर एक स्टुडिओ. पहिलं मोठं काम मिळालं ते बादल्या तयार करणाऱ्या कंपनीचं. आता बादलीविषयी माणूस सांगून सांगून सांगणार काय? पाणी भरतं, पाणी ओततं, संपलं आख्यान. पण कंपनीत बरीच शिकलेली माणसं होती. समाजमाध्यमांवर रोज थेट चालणारा एक खेळ केला, तर तरुण पिढी बादलीच्या प्रेमात पडेल, असा शोध त्यांनी चार बैठकांत लावला.

खेळाचं नाव 'बरोबर की बदाबदा'. तीन स्पर्धक तीन खुर्च्यांवर बसणार, प्रत्येकाच्या डोक्यावर कंपनीची लाल बादली काठोकाठ भरून टांगलेली. समोरच्या पडद्यावर प्रश्न आणि चार चौकोनांत चार उत्तरं. उत्तर बरोबर आलं तर कोरी बादली भेट, चुकलं तर डोक्यावरची रिकामी. माणूस भिजणार, लोक हसणार, ती चित्रफीत एकमेकांना पाठवणार आणि पाठवता पाठवता बादल्या विकत घेणार. कागदावर यात काही खोट नव्हती.

प्रश्न काढायचं काम मुलीने बापाला दिलं. लोक चुकले पाहिजेत, एवढी एकच अट. मास्तर हरखून गेले. माणसाचं पाऊल नेमकं कुठे घसरतं हे चौतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला नाही कळायचं, तर कुणाला? त्यांनी महिनाभर बसून, मुलीच्या लग्नात रुखवत मांडावा अशा मायेने, एकेक प्रश्न मांडला.

पाच दिवसांत पाच भाग झाले, पंचाहत्तर प्रश्न विचारून झाले. एकही उत्तर चुकलं नाही. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे एका शिंप्याने कपाळाला आठीसुद्धा न घालता सांगितलं. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे एका मुलाच्या आईने जांभई देत सांगितलं. बादल्या पाचही दिवस जशाच्या तशा लोंबत राहिल्या. प्रेक्षकांनी खाली लिहायला सुरुवात केली, की यापेक्षा आमच्या न्हाणीघरात जास्त घडतं.

कंपनीच्या ब्रँडवाल्या बाई मग स्वतः आल्या. पाणी पडत नाही तोवर चित्रफीत नाही, चित्रफीत नाही तोवर शेअर नाही, आणि शेअर नाहीत तर मी वर काय दाखवू, असं त्यांनी शांतपणे विचारलं. ओलावा हाच आमचा ब्रँड आहे, असंही म्हणाल्या. मग त्यांनी एक कागद पुढे केला. प्रश्न फुटताहेत हे उघड आहे. प्रश्न आधीपासून एकाच माणसाकडे असतात. तो माणूस निर्मातीचा बाप आहे. अंतिम भाग उद्या संध्याकाळी पाचला. त्याआधी फोडणारा सापडला नाही, तर निर्मातीने याच कागदावर सही करावी, की वडिलांनी प्रश्न फोडले आणि त्यांना काढलं आहे. सही नसेल तर करार रद्द.

मुलीने कागद घडी करून ठेवला आणि घरी आल्यावर बापाला सांगितलं, की काम गेलं तर जाऊ दे, मी सही करणार नाही.  पण मास्तर देवापुढे बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे त्या पाच माणसांची पाच घरं येत राहिली. उठल्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहून खिशात ठेवली: 'प्रश्न मीच फोडले. माझ्या मुलीला याची कल्पना नव्हती.' जन्मात पहिल्यांदाच ते खोटं लिहीत होते, त्यामुळे अक्षर जरा जास्तच चांगलं आलं होतं.

हे सगळं त्यांनी फक्त आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं. बहिणीने ते फक्त आपल्या नवऱ्याला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दाजी टोपी घालून स्टुडिओच्या दारात उभे होते.

मुलीने आधी बापाकडे पाहिलं, मग आतोबांकडे, म्हणजे दाजींकडे. कपाळावर हात मारायची तिची फार इच्छा झाली असणार, पण घरचं वळण आड आलं. तिने खुर्ची दिली.

"खुर्ची नको," दाजी म्हणाले. "बसलेला माणूस गुडघ्यापर्यंतच पाहतो. मेहुणे, लिहून घ्या."

मास्तरांनी लिहून घेतलं.

पहिला संशय निवेदकावर. दाजींनी जुने दोन भाग पाहिले आणि निष्कर्ष काढला, की हा इसम प्रत्येक प्रश्नाला गळ्यातल्या टायला हात लावतो. वर लावला तर पहिलं उत्तर, खाली लावला तर चौथं. सांकेतिक भाषा आहे. त्यांनी निवेदकाला गाठलं, टाय उलटा केला आणि भिंगातून पाहिलं. आत टाचणीने लावलेली दुकानाची चिठ्ठी होती. पाच दिवस ती त्याला बोचत होती. निवेदकाच्या डोळ्यांत पाणी आलं. अहो, तुम्ही देवासारखे भेटलात, असं म्हणून त्याने दाजींचे दोन्ही हात धरले. दाजींनी वहीत लिहायला लावलं, की संशयिताने भावनिक दबाव आणला.

दुसरा संशय टाळ्यांवर. समोरच्या बाकांवर भाड्याने आणलेले चाळीस प्रेक्षक बसत. त्यांच्या टाळ्यांच्या संख्येत उत्तर दडलेलं असतं, असं दाजींना वाटलं. मास्तरांना कोपऱ्यात बसवून त्यांनी एका अख्ख्या जुन्या भागातल्या टाळ्या मोजायला लावल्या. मास्तर तीनशे बारापर्यंत आले तेव्हा एका प्रेक्षक बाईंनी येऊन सांगितलं, की टाळ्या आम्ही नाही वाजवत, त्या यंत्रातून येतात. आमचे हात दुखतात म्हणून आम्ही तसं ठरवून घेतलंय.

पडद्यावरची चित्रं आणि अक्षरं करणाऱ्या ग्राफिक्सवाल्याचीही उलटतपासणी झाली. दाजींनी त्याला अकरा प्रश्न विचारले. अकराही त्याच्या बुटांबद्दल होते. डाव्या बुटाची नाडी उजव्यापेक्षा लांब का, यावर तो बिचारा वाकून दोन्ही नाड्या ताणून पाहू लागला आणि दाजींनी मास्तरांकडे अर्थपूर्ण पाहिलं. मास्तरांनाही अर्थ कळला नाही, पण त्यांनी मान हलवली.

दुपारी अंतिम भागाचे तीन स्पर्धक आले. एक बस चालवणाऱ्या बाई, एक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, आणि तिसरे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांना पाहताच दाजींचं नाक फुरफुरलं. ज्याला दातात खड्डा करता येतो, त्याला त्या खड्ड्यात चिमुकलं रेडिओयंत्र बसवणं काय अवघड? हे त्यांनी मास्तरांना कानात सांगितलं. दाजींचं कानातलं बोलणं साधारण रस्त्यापलीकडे ऐकू जातं. डॉक्टर वळले. दाजी भिंग घेऊन पुढे झाले आणि त्यांना म्हणाले, "आ करा."

वीस वर्षं लोकांना आ करायला लावणाऱ्या माणसाला हे दोन शब्द स्वतःला ऐकावे लागले. तो क्षणभर गोंधळला आणि सवयीच्या जोरावर त्याने आ केलासुद्धा. मग काय चाललंय हे लक्षात आल्यावर पिशवी उचलली, असल्या ठिकाणी मला क्षणभर थांबायचं नाही असं निर्मातीला सांगितलं आणि निघून गेला. तिसरी खुर्ची रिकामी झाली. वर टांगलेली बादली संथ हेलकावे खात राहिली.

मुलगी भिंतीला टेकली. चार वाजायला आले होते. "बाबा," ती हळूच म्हणाली, "यांना चहा पाजून घरी पाठवता येईल का?"  मास्तरांचा हात खिशातल्या कागदावर होता.

एवढ्यात दाजींनी सगळ्यांना खेळाच्या जागी बोलावलं. ब्रँडवाल्या बाईही येऊन पोचल्या होत्या. निवेदक, ग्राफिक्सवाला, दोघे स्पर्धक, आणि भिंतीशी उपड्या बादलीवर बसलेल्या पुसायच्या मावशी, असे सगळे गोल उभे राहिले. मावशींना सांडलेलं पाणी पुसायला रोजावर लावलं होतं. सहा दिवसांत त्यांचा पोचा कोरडाच राहिला होता.

दाजींनी घसा साफ केला आणि निरूपण लावलं. आपण एकेक संशयित कसा गाळत आलो, हे त्यांनी पाल्हाळ लावून सांगितलं. जे अशक्य वाटतं ते अशक्य असतंच असं नाही, आणि जे शक्य वाटतं ते तर मुळीच नसतं, असा एक सिद्धान्त मांडला. तो कुणाला कळला नाही म्हणून पुन्हा सांगितला. शेवटी ते म्हणाले, की सकाळपासून एक माणूस माझ्या मागे मागे फिरतोय. मी जाईन तिथे येतो. मी बोलेन ते टिपून घेतो. प्रश्न त्याच्याकडे होते, उत्तरं त्याच्याकडे होती. मी त्याला ओळखायला उशीर केला, कारण तो माझ्या बायकोचा भाऊ आहे.

"मेहुणे," दाजी म्हणाले, "लिहून घ्या. गुन्हेगार तुम्ही आहात."

मास्तरांनी सवयीने दोन शब्द लिहिले आणि मग पेन थांबलं. मुलगी पुढे सरसावली, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं. खिशातून कागद काढला. ब्रँडवाल्या बाईंनी चष्मा सरळ केला.

"हो," मास्तर म्हणाले. "मीच..."

"मास्तर खोटं बोलताहेत," भिंतीजवळून आवाज आला. मावशी उठल्यासुद्धा नव्हत्या. "मला काही त्यांनी उत्तरं दिली नाहीत. तरी मला सगळी येतात."

दाजींनी मोठ्या मनाने स्मित केलं आणि विचारलं, की तुमचं शिक्षण किती.

"शिक्षण नाही," मावशी म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. म्हणून तर सांगते."

कुणाला काही उमगेना. मुलीने ग्राफिक्सवाल्याला खूण केली. त्याने अंतिम भागाचा पहिला प्रश्न पडद्यावर आणला. मावशींनी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, तिसरं. ते बरोबर होतं. पुढच्याला म्हणाल्या, पहिलं. तेही बरोबर. सलग सहा प्रश्नांची उत्तरं त्यांनी तशीच दिली. त्यांतला एक ध्रुवीय वाऱ्यांवरचा होता. सातव्याला त्या कंटाळल्या.

"अहो, ज्या चौकोनात कोपऱ्यात बादली काढलीय, तोच खरा असतो," त्या म्हणाल्या. "बाकीच्या तिघांत बादली नसते. मला वाटलं मुद्दामच ठेवलीय, आमच्यासारख्यांची सोय म्हणून."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. होती. नखाएवढी लाल बादली, कंपनीचं बोधचिन्ह, चारांतल्या एकाच चौकोनात. तशी ती निवेदकाच्या खिशावर होती, कपांवर होती, भिंतीवर होती, चहाच्या थर्मासवर आणि संडासाच्या दारावरही होती. सहा दिवसांत ती इतक्या ठिकाणी पाहिली होती, की ती दिसायचीच कुणाला थांबली होती. बस चालवणाऱ्या बाई खाकरल्या आणि म्हणाल्या, की आम्हाला आधीच्यांनी सांगितलंय. आम्हाला वाटलं, अशीच पद्धत आहे.

ग्राफिक्सवाला पांढरा पडला. मग त्याने फोन काढून एक मेल वाचून दाखवला. कंपनीच्या कायदा विभागाचा होता, खाली सात जणांच्या मंजुऱ्या. प्रत्येक प्रश्नात बोधचिन्ह दिसलंच पाहिजे. मात्र कोणत्याही असत्य विधानाशेजारी ते छापता कामा नये. "चुकीची उत्तरं म्हणजे असत्यच की," तो म्हणाला. "मग मी खऱ्याशेजारी लावलं. कुणी विचारलंच नाही. आज फक्त बुटांचं विचारलं."

सात मंजुऱ्यांमधली चौथी ब्रँडवाल्या बाईंची होती. त्यांनी आपला कागद मुलीकडून परत मागून घेतला आणि पर्समध्ये अगदी खाली सरकवला. मास्तरांनी आपला कागद चार तुकडे करून खिशात घातला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. कचेऱ्यांमध्ये तशी रीत नसते.

दाजी तेवढे म्हणाले, की माझा रोख शेवटी इकडेच होता.

आता प्रश्न उरला खेळाचा. पाचला अर्धा-पाऊण तास होता. चिन्ह काढून टाकायचं तर प्रत्येक प्रश्नात ते हवंच. चारही चौकोनांत लावायचं तर असत्याशेजारी जातं. नियम बदलायचा तर कायदा विभागाला कामाचे पंधरा दिवस लागतात. बाईंनी फोन करून खात्री केली. सोळा लागतात.

मास्तर पडद्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, की चारही उत्तरं खरी असली तर?

बाईंनी ते फोनवरच विचारलं. कायदा विभागाने पलीकडून विचार केला आणि हरकत नसल्याचं कळवलं. मग मास्तर बसले. चौतीस वर्षं लोकांच्या चुका काढलेल्या माणसाला, चूक करताच येणार नाही असे पंधरा प्रश्न अर्ध्या तासात काढायचे होते. घाम फुटला त्यांना. दहापेक्षा लहान संख्या कोणती: दोन, चार, सहा, आठ. दूध देणारा प्राणी कोणता: गाय, म्हैस, शेळी, सांडणी. सांडणीबद्दल कायदा विभागाने लेखी आधार मागितला, म्हणून तिथे मेंढी आली. पाणी नाहीच पडलं तर नाही, असं मुलीने बाईंना बजावलं. पण माझ्या घरचं कुणी प्रश्न फोडतंय असं आता कुणी म्हणणार नाही.  पाणी नाही पडलं तर वर काय दाखवायचं, हे मात्र बाईंच्या चेहऱ्यावर तसंच लिहिलेलं होतं.

तिसरी खुर्ची रिकामी राहून चालणार नव्हतं. करारात तीन खुर्च्या होत्या. मुलीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि आतोबांना विचारलं. आतून तपास करायची ही सुवर्णसंधी आहे असं सांगून दाजी टोपीसकट खुर्चीवर बसले.

पाच वाजले. खेळ सुरू झाला आणि लगेच मरगळला. बस चालवणाऱ्या बाईंनी दोन म्हटलं, बरोबर. घड्याळवाल्या आजोबांनी मेंढी म्हटलं, बरोबर. दाजींनीही पहिल्या चार प्रश्नांना, डोळे बारीक करून आणि बराच वेळ घेऊन, बरोबर उत्तरं दिली. प्रेक्षक एकेक करून निघून जात असल्याचा आकडा कोपऱ्यात घसरत होता. मुलगी त्या आकड्याकडे पाहत नव्हती. मास्तर तिच्या शेजारी उभे राहून तिच्या वतीने पाहत होते.

शेवटचा प्रश्न दाजींचा. निवेदकाने मेलेल्या आवाजात वाचला: पाणी कशात साठवता येतं? बादली, घागर, पिंप, बाटली. चारही चौकोनांत नखाएवढी लाल बादली.

दाजींनी डोळे मिटले. बोटं कपाळाला लावली. मग ओठांवर एक हसू आलं. मास्तरांच्या ते चांगलं ओळखीचं होतं. चप्पल सापडली तेव्हाही असंच आलं होतं.

"चार पर्याय," दाजी म्हणाले, "आणि चारांवर खूण. कोणता गुन्हेगार इतका उघड पुरावा ठेवील? हा सापळा आहे. माझं उत्तर: यातलं एकही नाही."

निवेदकाने हातातल्या याद्या वरखाली चाळल्या. असं उत्तर कुठल्याच यादीत नव्हतं. बरोबर की बदाबदा, ते त्याला ठरवता येईना. त्याने मास्तरांकडे पाहिलं. कॅमेराही मास्तरांकडे वळला. मुलीनेही पाहिलं. खुर्चीवरून दाजी, तीस वर्षांच्या नात्याच्या पूर्ण विश्वासाने, मास्तरांकडे पाहून मान डोलावत होते.

मास्तरांनी हातातली वही मिटली. 

"चूक," ते म्हणाले.

बादली उलटली. एवढं पाणी एका माणसावर मावतं हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. टोपी गळ्याशी आली, भिंग वाहत निवेदकाच्या पायाशी गेलं. चाळीस प्रेक्षकांनी हात दुखत असूनही खऱ्या टाळ्या वाजवल्या. घसरणारा आकडा थांबला, वळला आणि धावत सुटला. बाई पर्समधून फोन काढून कुणाला तरी 'आलं, आलं' एवढंच सांगत होत्या. आणि मास्तरांची मुलगी, सहा दिवसांनी पहिल्यांदा, पोट धरून हसत होती.

पाण्याच्या आतून दाजींचा आवाज आला, की बघा, सापळाच होता.

मास्तरांना आतून इतकं हलकं, इतकं स्वच्छ वाटत होतं, की त्यांनी निवेदकाला जवळ बोलावून हळूच विचारलं, यांना अजून एखादा प्रश्न विचारता येईल का.